बाविसाव्या ओवीच्या आधी एकविसावी असते

पत्र (थोडं आटोपशीर करून, ओळख पटेल असे तपशील बदलून) :

आदरणीय मावशी, सलाम. मी नगरची, वय ३५. खासगी रुग्णालयात नर्स आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगा नऊ वर्षांचा. आमची दोन्ही घरं पूर्वापार ख्रिस्ती, जुन्या चर्चला जाणारी. गेल्या वर्षी यांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली. घरी बसल्यावर हे एका नव्या प्रार्थना-संगतीत जायला लागले. सुरुवातीला मला बरंच वाटलं, माणूस घराबाहेर तरी पडतोय. पण आता रोज सकाळ-संध्याकाळ एकच वचन : 'पत्नींनो, आपापल्या पतीच्या अधीन असा.' माझं एटीएम कार्ड यांच्याकडे असतं. रात्रपाळी सोड म्हणतात. तिथल्या पास्टरना विचारायला गेले तर त्यांनी प्रेषित पौलाचं वचन काढलं, स्त्रीने शांतपणे शिकावं, पुरुषावर अधिकार चालवू नये. मुलाचे मार्क कमी आले तेव्हा छडी आणली आणि नीतिसूत्रांतली ओवी म्हणून दाखवली. माझा भाऊ म्हणतो, ते पुस्तक माळ्यावर टाक, सगळ्या भानगडीचं मूळ तेच. पण मावशी, माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मला त्याच पुस्तकाने धरून ठेवलं. मी चुकते आहे का? हे वचन ऐकलं की मला राग येतो, हे पाप आहे का?
– तुमची एक भाची

प्रिय भाचीस, सलाम.

तुझं मूळ पत्र चार पानी आहे, आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटच्या पानावर समासात, आडवी लिहिली आहेस. 'परवा यांनी हात उगारला, पण मारलं नाही.' मी तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या. मुलं समासात जे लिहितात, तेच त्यांना खरं सांगायचं असतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हात पुन्हा उगारला गेला, तर तो विषय पवित्र शास्त्राचा राहत नाही. त्या वेळी वचनाचा अर्थ लावत बसायचं नाही, मुलाला घेऊन भावाकडे जायचं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा नुसत्या मारहाणीपुरता नाही. बाईला तिच्या स्वतःच्या कमाईपासून तोडणं हाही त्यात छळच धरला आहे. १८१ हा महिलांसाठीचा नंबर फोनमध्ये घालून ठेव, नाव 'गॅस एजन्सी' असं काहीतरी दे. आणि कार्ड परत माग. मागताना एकही ओवी म्हणू नकोस. 'पगार माझ्या खात्यात येतो, कार्ड माझ्या पर्समध्ये राहील' एवढंच म्हण. घरखर्चाची वही हवी तर दोघांनी मिळून लिहा.

हे झालं की मग शास्त्राकडे येऊ. तू विश्वास ठेवणारी आहेस, तुला नुसता वकिली सल्ला पुरणार नाही, हे मला कळतं.

घरातलं पुस्तक काढ. नव्या करारातलं, पौलाच्या नावावरचं इफिसकरांस पत्र, अध्याय पाचवा. बाविसावी ओवी, तीच 'पत्नींनो'वाली, तर तुला पाठच झाली असेल. तिच्या वरची, एकविसावी, बोट ठेवून वाच : 'ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा.' एकमेकांच्या! बऱ्याच छापील आवृत्त्यांत या दोन ओव्यांच्या मध्ये एक ठळक मथळा घातलेला असतो, पती-पत्नींच्या कर्तव्यांचा. तुझ्या प्रतीत आहे का बघ. तो मथळा पौलाने लिहिलेला नाही, छापणाऱ्यांनी घातलाय. ओव्यांचे आकडेही पौलाचे नाहीत. मूळचा पॅरिसचा रोबेर एस्तियेन नावाचा छापखानेवाला होता, त्याने १५५१ साली नव्या कराराच्या छापील प्रतीत ते घातले. म्हणजे पत्र लिहिल्यानंतर जवळजवळ पंधराशे वर्षांनी. त्याआधी एकवीस आणि बावीस असं काही नव्हतंच, सलग मजकूर होता.

आणखी एक गंमत आहे, ती मला फार आवडते. या पत्राची आपल्याकडे आलेली सर्वांत जुनी प्रत इसवी सन २०० च्या सुमाराची, पपायरसवरची. तिच्यात, आणि व्हॅटिकनमध्ये असलेल्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितातही, बाविसाव्या ओवीत 'अधीन असा' हे शब्दच नाहीत. ग्रीकमध्ये तिथे क्रियापद नाही, ते मागच्या ओवीतून घ्यायचं. 'एकमेकांच्या अधीन असा. पत्नींनी आपापल्या पतीच्या, जशा प्रभूच्या.' मी वर्गात सांगायचे, 'जेवण झालं की एकमेकांची ताटं उचला. मुलींनो, तुम्ही मुलांची.' आता एखाद्याने घरी जाऊन सांगितलं, 'बाईंनी सांगितलंय, मुलींनी मुलांची ताटं उचलायची', तर तो खोटं बोलला का? शब्दांनी नाही. पण मी सांगितलेलं अर्ध्यावर तोडून त्याने स्वतःच्या ताटाची सोय केली.

याचा अर्थ पौल आजच्यासारखा समतावादी होता, असं मी म्हणणार नाही. नव्हता. (हे पत्र त्याचं स्वतःचं की त्याच्या शिष्याचं, यावर विद्वान भांडतात. त्यात तुला ओढत नाही.) त्या काळच्या रोमी घरात बाप हा राजा. त्याच्या हाताखाली बायको, मुलं आणि दास. ॲरिस्टॉटलनेसुद्धा ख्रिस्ताच्या तीनशेहून जास्त वर्षं आधी घराचे हेच तीन जोड सांगितलेत : नवरा-बायको, बाप-मुलं, धनी-दास. पत्राने तोच ठरलेला साचा उचलला. फरक केला तो धन्याला बांधून घालण्यात. बायकांना तीन ओव्या आहेत, बाविसावी ते चोविसावी. नवऱ्यांना त्याच्या तिप्पट, पंचविसाव्यापासून अध्याय संपेपर्यंत. 'ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी अर्पण केले, तशी प्रीती करा.' यांच्या संगतीत पंचविसाव्या ओवीवर कधी संदेश झाला का, सहज विचार.

पण मला तुला न्यायचंय ते पुढच्या पानावर. अध्याय संपला म्हणून यादी संपत नाही, सहाव्या अध्यायाच्या नवव्या ओवीपर्यंत जाते. आधी पत्नी, मग मुलं, आणि सहाव्याची पाचवी ओवी : 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा.' तीच यादी आहे आणि लेखणीही तीच.

या पाचव्या ओवीचं काय झालं, ते अमेरिकेत जाऊन बघायला लागतं.

हॉवर्ड थर्मन हे विसाव्या शतकातले मोठे कृष्णवर्णीय धर्मगुरू. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून लहानपणी आठवड्यातून दोन-तीनदा नातवाने तिला बायबल वाचून दाखवायचं. आजीची निवड ठरलेली असे. स्तोत्रं, यशया, शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा. पौलाची पत्रं मात्र नाहीत. फार तर कधीतरी करिंथकरांस पत्रातला प्रीतीचा अध्याय. नातू कॉलेजात गेल्यावर त्याने धीर करून विचारलं, असं का? तिने सांगितलं, मालक अधूनमधून गुलामांसाठी उपासना ठेवायचा, त्याचाच गोरा पाळक यायचा, आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी त्याचा विषय एकच, 'दासांनो, आज्ञेत राहा'. मग तो समजावायचा की तुम्ही गुलाम आहात ही देवाचीच इच्छा. तेव्हा तिने देवाजवळ शब्द दिला होता की कधी सुटका झाली आणि कधी वाचायला आलं, तर तो भाग मी वाचणार नाही.

तुझ्या कानावर रोज सकाळी पडतं ते वचन आणि त्या आजीच्या कानावर पडायचं ते, यांच्यात एका पानाचं अंतर आहे.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम होता, पळून सुटला, आणि १८४५ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. त्याचा मालक १८३२ च्या ऑगस्टमध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका मोठ्या मेळाव्यात जाऊन 'नवा माणूस' होऊन आला. डग्लसला आशा वाटली, आता हा आपल्याला सोडेल, निदान मऊ तरी होईल. उलटंच झालं. एका लंगड्या तरुण बाईला बांधून, उघड्या खांद्यांवर रक्त येईपर्यंत चाबूक ओढताना तो मालक लूककृत शुभवर्तमानातली ओवी म्हणायचा : धन्याची इच्छा ठाऊक असून जो दास ती करत नाही, त्याला पुष्कळ फटके बसतील. डग्लस म्हणतो, पूर्वी हा माणूस क्रूर होता तो स्वतःच्या जोरावर. आता त्याला धर्माचा टेकू मिळाला.

अशी माणसं एकटीदुकटी नव्हती. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, यावर अमेरिकेतले बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती १८४५ मध्ये फुटले आणि दक्षिणेतल्यांनी आपलं वेगळं संघटन उभं केलं. गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल त्या संघटनेने ठराव करून माफी मागितली ती १९९५ साली. मधल्या दीडशे वर्षांत त्यांच्या पुस्तकातला एक शब्द बदलला नव्हता. ओवी तीच होती, आणि तरीही आज तिथला कोणताही पास्टर सहाव्याच्या पाचव्या ओवीवरून 'चला, गुलाम विकत घेऊ' म्हणत नाही. तो म्हणतो, तो काळ वेगळा होता, धनी कोण होते, दास कोण होते, हे समजून घ्यायला हवं. बरोबर आहे. मग तीच समज सोळा ओव्या मागे जाऊन का थांबते, एवढंच आपण विचारायचं.

आता तुझ्या भावाबद्दल. त्याचा जीव तुझ्यासाठी तुटतो, त्याला रागावू नकोस. पण 'माळ्यावर टाक' हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा तिथलंच आहे. १८०७ मध्ये लंडनला एक पुस्तक छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी 'निवडक' बायबल. जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळलेला, नव्याचाही जवळजवळ निम्मा. निर्गममधली इस्राएल लोक मिसर देशातून सुटल्याची कथा काढली. 'दास नाही की स्वतंत्र नाही, पुरुष नाही की स्त्री नाही' ही गलतीकरांस पत्रातली ओवी काढली. 'दासांनो, आज्ञेत राहा' मात्र ठेवली. ज्यांनी कात्री चालवली, त्यांना पुस्तकात काय आहे ते पुरतं माहीत होतं. अख्खं पुस्तक गुलामांच्या हाती पडलं तर काय होईल याचीच त्यांना भीती होती, आणि ती खरी ठरली. गुलामांना चोरवाटेने उत्तरेला नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक 'मोशे' म्हणायचे, इस्राएलांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेवरून. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊनमध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला तो १६८८ मध्ये, आणि आधार काय घेतला? लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं तुम्ही त्यांच्याशी वागा. तेही त्याच पुस्तकातलं. तेव्हा भावाला सांग, पुस्तक माळ्यावर टाकलं तर घरात फक्त यांना पाठ असलेली एक ओवी उरेल. अख्खं हाताशी असलेलं बरं.

पास्टरनी तुला गप्प केलं त्याबद्दल. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात ते वाक्य आहे, नाही असं नाही. पण २ राजे, बाविसावा अध्याय वाचलास का कधी? मंदिराच्या दुरुस्तीचं काम चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचं जुनं पुस्तक सापडतं. राजा योशीया ते ऐकून कपडे फाडतो आणि म्हणतो, जा, याचा अर्थ देवाला विचारून या. याजक, चिटणीस, दरबारातले बडे लोक निघतात, आणि जातात कोणाकडे? यरुशलेमेत राहणाऱ्या हुल्दा नावाच्या बाईकडे. तिचा नवरा शल्लूम राजाच्या पोशाखखान्यावरचा माणूस. त्याला कोणी काही विचारत नाही. सापडलेल्या ग्रंथाचा अर्थ एका बाईने सांगितला, आणि त्यावर राजाने देशभर सुधारणा केल्या. त्या काळी यिर्मया संदेष्टा हयात होता. मग त्याला सोडून हिच्याकडे कसे गेले, हा प्रश्न तालमूद या यहुदी ग्रंथातल्या रब्बींना, म्हणजे धर्मपंडितांनाही पडला होता. एक उत्तर त्यांनी दिलं की ती त्याच्या नात्यातली होती, त्याला वाईट वाटणार नव्हतं. पुरुषांची किती काळजी! नव्या करारात प्रिस्किल्ला आहे. अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला तिने आणि तिच्या नवऱ्याने जवळ बोलावून मार्ग नीट समजावून दिला. ती काही तोंडाला पदर लावून शिकवत नव्हती.

इथे एक मोह होईल. मलाही झाला. तुझे यजमान पेत्राचं पत्र काढतील, 'सारा अब्राहामाच्या आज्ञेत राहिली'. तू उत्पत्ती २१:१२ काढशील, तिथे देव अब्राहामाला म्हणतो, 'सारा तुला जे सांगते ते ऐक'. वाद जिंकलीस! पण पुढचं वाच. साराने सांगितलं होतं ते हागारेला आणि तिच्या पोराला घराबाहेर काढायचं. ती ओवी तेवढीच तोडून आणलीस तर यांच्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला? वचनाला वचन टेकवून घर चालत नाही. मी अशा दोन जोडप्यांना ओळखते, दोघांनाही अर्धं बायबल पाठ आहे आणि गेली कित्येक वर्षं ती एका ताटात जेवलेली नाहीत.

छडीचं. 'जो आपली छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी', नीतिसूत्रे १३:२४. हल्ली काही उपदेशक सांगतात की ही मेंढपाळाची काठी आहे, तेविसाव्या स्तोत्रातली धीर देणारी, मारायची नव्हेच. हिब्रू शब्द दोन्हीकडे एकच आहे, हे खरं. ऐकायला गोड वाटतं. पण त्याच पुस्तकात २३:१३ आहे, 'तू त्याला छडी मारलीस तर तो मरणार नाही'. तिथे मेंढपाळ काही कामाला येत नाही. सोयीचा अर्थ आपल्या बाजूचा असला तरी तो सोयीचाच. मला तो नको.

मग काय करायचं? हे मला पनवेलला असताना शेजारच्या बेने इस्रायल काकांनी शिकवलं. बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले यहुदी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणायचे. मी एकदा त्यांना जरा आगाऊपणाने विचारलं होतं, जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, हट्टी, बंडखोर मुलाला गावाच्या वेशीवर नेऊन दगडांनी मारायला सांगितलंय, त्याचं काय? काका हसले. म्हणाले, 'बाई, नुसती ओवी वाचून उठायची तुमच्यात पद्धत असेल. आमच्यात ओवीभोवती बसून भांडायची पद्धत आहे.' त्यांनी तालमूदचं छापील पान दाखवलं. मधोमध मजकूर आणि चारी बाजूंनी बारीक टायपात टीका, टीकेवर टीका, अगदी वाड्याच्या चौकाभोवती ओसऱ्या असाव्यात तसं. त्या मुलाच्या ओवीवर रब्बींनी अटी घालायला सुरुवात केली. आईबाप दोघांचीही मागणी हवी. मुलाने अमुक इतकं मांस खाल्लेलं आणि अमुक इतकी दारू प्यालेली हवी. आईबापांपैकी कोणी लंगडं, आंधळं, मुकं नसावं. एका रब्बीने तर आई आणि बाप आवाजाने, रूपाने, उंचीने सारखे हवेत अशी अट घातली. शेवटी निष्कर्ष असा की असा मुलगा कधी झाला नाही आणि कधी होणारही नाही. मग लिहिलंय कशाला? अभ्यास करा आणि त्याचं पुण्य घ्या! काकांनी लगेच बोट पुढे सरकवलं. तिथेच एक रब्बी म्हणतो, 'मी असा मुलगा पाहिलाय, त्याच्या कबरीवर बसलोय.' त्याचंही म्हणणं पानावरून खोडलेलं नाही.

'डोळ्याबद्दल डोळा' या वचनाचंही त्यांनी तेच केलं. डोळा फोडायचा नाही, नुकसानभरपाई भरायची, उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरून. दोन बायका करायला जुन्या करारात मनाई नाही. तरी इसवी सन १००० च्या आसपास जर्मनीतल्या माइन्झच्या रब्बी गेर्शोमच्या नावाने युरोपातल्या यहुद्यांत बंदी आली, एकीवर दुसरी करायची नाही, आणि बायकोच्या मर्जीविरुद्ध तिला सोडचिठ्ठी द्यायची नाही. शास्त्र टाकलं नाही, पण त्याच्या आडून माणूस चिरडला जात असेल तर त्याचं दार अरुंद करत नेलं. नऊ वर्षांच्या पोराच्या मार्कांसाठी तीच रीत पुरेशी आहे. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरात छडी बापाच्या हातून काढून घ्यायला ओवीची गरज नाही. ती काढून चुलीत घाल, आणि बाप गणित शिकवायला बसेल असं बघ. कंपनीत माप घेणारा माणूस आहे, अपूर्णांक त्याला तुझ्यापेक्षा बरे येत असतील.

आता तू विचारलं नाहीस ते. कंपनी बंद पडली गेल्या वर्षी, आणि वचन घरात आलं त्याच वर्षी. अकरा वर्षांच्या संसारात आधीची दहा वर्षं ती ओवी त्याच पुस्तकात होती की! पगाराची चिठ्ठी यायची थांबली, बायकोची येत राहिली, आणि मग 'पती पत्नीचे मस्तक आहे' हे आठवलं. मी टोमणा मारत नाही. घरी बसलेल्या पुरुषाला आपल्या समाजात कोणी काही विचारत नाही, लग्नकार्यात सगळे एकच विचारतात, 'सध्या काय?' त्या संगतीत त्याला पहिल्यांदा कोणीतरी मस्तक म्हणालं. त्याला ते सोडवेल कसं? ओवीशी भांडलीस तर तो ती आणखी घट्ट धरेल. त्याला दुसरं काही धरायला हवंय. काम, मग ते अर्ध्या पगाराचं का असेना. घरात असं काही, जे तो नसला तर अडेल.

रात्रपाळी सोडू नकोस, निदान यांचं काम लागेपर्यंत तरी. आणि कमावणारी बाई शास्त्राला चालत नाही असं कोणी म्हणालं तर नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय आहेच. ती सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईने द्राक्षमळा लावते, रात्री तिचा दिवा विझत नाही. अनेक यहुदी घरांत शुक्रवारी रात्री जेवणाआधी नवरा तो भाग बायकोसाठी गातो. इथे ओवी तोडून दिली नाही हो, अख्खा अध्याय वाच.

माझी आजी दुष्काळात गुजरातेतून केडगावला आणलेली मुलगी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. तिथल्या छापखान्यात ती खिळे जुळवायची. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडायला लागले. इंग्रज पुरुषांना त्यांनी शिकवावं का, यावर काही बिशपांनी नाक मुरडलं. त्यांना मार्ग दाखवणाऱ्या धर्मभगिनी म्हणत, चर्च सांगतं ते मान. रमाबाईंनी कळवलं की एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, दुसरं मानेवर घेणार नाही. पुस्तक मात्र त्यांनी सोडलं नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी स्वतः उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ पूर्ण छापून झाला १९२४ ला. आजी म्हणायची, उलटे खिळे वाचायची सवय लागली की सुलट वाचताना माणूस घाई करत नाही.

तर असं कर. घरातली प्रार्थना यांनी चालवू दे, पण एके दिवशी वाचन तू माग. इफिसकरांस पत्र ५:२१ पासून ६:९ पर्यंत एका दमात वाच, मथळा वगळून. सहाव्याची पाचवी ओवी आली की अडखळू नकोस, आवाज चढवू नकोस. वाचून झाल्यावर वाद नाही, एकच प्रश्न विचार, 'पंचविसावी ओवी आपल्या घरात मंगळवारी सकाळी, मी रात्रपाळीवरून येते तेव्हा, कशी दिसेल?' आणि उत्तराची वाट बघ. ते लगेच येणार नाही. महिना लागेल, जास्तही लागेल. दरम्यान जुन्या चर्चच्या पाळकांना आणि महिला मंडळातल्या एखाद्या वयस्क बाईंना घरी चहाला बोलाव. निव्वळ चहाला, समजूत काढायला नव्हे. नव्या संगतीच्या पास्टरांकडे परत जायचं असेल तर एकटी जाऊ नकोस.

रागाचं विचारलंस. थर्मनच्या आजीने ते पान आयुष्यभर कानाआड ठेवलं आणि स्तोत्रं मात्र ऐकत राहिली. तिला कोणी पापी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. तू ते पान वाचू शकतेस, कारण तुला वाचता येतं आणि पुस्तक तुझ्या हातात आहे. राग येऊ दे.

पुढच्या पत्रात आधी कार्ड मिळालं का ते लिही. आणि समासात लिहू नकोस, पहिल्या ओळीत लिही.

तुझी,
मावशी